मोबाईलवर खरंच पाणी सापडतं का? फोनमधला चुंबक-सेन्सर नेमकं काय मोजतो

बावधन (ता. मुळशी) : उन्हाळा लागला की बोअरच्या गाड्या फिरायला लागतात आणि त्यांच्या पुढं पाणी बघणारे फिरायला लागतात. पूर्वी पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन यायचा, नाहीतर बेचक्याची फांदी धरून शेतातून चालायचा. आता काहीजण मोबाईल घेऊन येतात. ॲप चालू करायचं, बांधापासून चालायला लागायचं. एका जागी फोन टीं-टीं करतो, आकडा वर चढतो, आणि मालकाला सांगितलं जातं, “हितं झरा हाय, हितंच घ्या.”

आवाज खोटा नसतो, आकडाही खोटा नसतो. फोननं खरंच काहीतरी पकडलेलं असतं. ते पाणी नसतं, एवढीच अडचण आहे. आणि बोअर कोरडं गेलं तरी फुटाचा दर भरावाच लागतो.

बावधन बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलं, रामनदीच्या दोन्ही अंगाला इमारती उभ्या राहिल्या, तरी टँकर आणि बोअर काही सुटलेलं नाही. वरच्या अंगाला भूगाव, भुकूमकडं शेतीही आहे आणि सोसायट्याही आहेत. म्हणजे पाण्याची गरज दोघांनाही आहे, आणि मोबाईल तर सगळ्यांच्याच खिशात आहे. म्हणून त्या मोबाईलमधली ही वस्तू काय आहे, ते जरा नीट समजून घेऊ.

तांदळाच्या दाण्याहून लहान

फोनमध्ये होकायंत्र असतं हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्यात फिरणारी सुई नसते. तांदळाच्या दाण्याहून लहान अशी एक चिप असते आणि ती आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र मोजते. पृथ्वी स्वतःच एक मोठा, पण फार अशक्त चुंबक आहे. तिची ओढ कुठल्या दिशेला आहे ते ही चिप ओळखते आणि फोन त्यावरून उत्तर दाखवतो. सगळ्याच मोबाईलमध्ये ही चिप नसते. स्वस्त मॉडेलमध्ये कंपन्या ती गाळतात. होकायंत्राचं ॲप टाकूनही फोन फिरवल्यावर दिशा बदलत नसेल तर तुमच्या फोनमध्ये ती नाही असं समजा.

या चिपा दोन-तीन प्रकारच्या असतात. काही फोनमध्ये हॉल सेन्सर असतो, तो वेगळ्या तत्त्वावर चालतो. दुसऱ्या प्रकाराला मॅग्नेटो-रेझिस्टिव्ह सेन्सर म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. काही धातू असे असतात की त्यांच्याजवळ चुंबक आला की त्यांचा विजेला होणारा अडथळा बदलतो. निकेल आणि लोखंड साधारण चारास एक या प्रमाणात मिसळून पर्मालॉय नावाचा मिश्रधातू करतात. त्याची अगदी पातळ पट्टी घेतली आणि तिच्यातून वीज सोडली, तर पट्टीच्या आतलं चुंबकत्व विजेच्याच दिशेनं असताना अडथळा थोडा जास्त भरतो. ते आडवं वळलं की अडथळा कमी होतो. बाहेरचं क्षेत्र त्या आतल्या चुंबकत्वाला वळवतं, म्हणून अडथळा मोजला की बाहेरचं क्षेत्र कळतं.

हा फरक फार मोठा नसतो, जास्तीत जास्त शंभरात दोन-तीन. पृथ्वीच्या क्षेत्रानं होणारा फरक तर त्याहूनही बारीक. मग तो पकडायचा कसा? चार पट्ट्या चौकटीसारख्या जोडतात. बारावीला विज्ञान घेतलेल्यांना व्हीटस्टन ब्रिज आठवत असेल, तोच हा. वाण्याच्या तराजूसारखं काम आहे. दोन्ही पारडी समान असताना काटा मधे, एकीकडं चिमूटभर जरी पडलं तरी काटा हलतो. अशा तीन चौकटी तीन दिशांना बसवल्या की क्षेत्र किती आणि कोणत्या बाजूला, दोन्ही कळतं.

ही गोष्ट आजकालची नाही. विल्यम थॉमसन, ज्यांना पुढं लॉर्ड केल्व्हिन म्हणायला लागले, त्यांनी लोखंड आणि निकेलमधला हा गुण १८५७ च्या सुमारास दाखवून दिला. म्हणजे इकडं उठाव चालू होता त्या काळात. याच गुणाचा फार जोरदार प्रकार १९८८ मध्ये अल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांना पातळ थरांमध्ये सापडला. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क त्यामुळं एवढ्या मोठ्या क्षमतेच्या झाल्या, आणि २००७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पूर्वी असं मोजमाप फक्त वेधशाळेत व्हायचं. आता एचएमसी-५८८३ नावाची चिप किंवा तिची चिनी जुळी बहीण बसवलेली छोटी पट्टी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन-चारशे रुपयांच्या घरात मिळते. शाळेतली पोरं प्रोजेक्टला तीच वापरतात.

मोकळ्या रानात आकडा किती यायला पाहिजे

क्षेत्र मोजायचं एकक मायक्रोटेस्ला. पुणे परिसरात पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४२ ते ४३ मायक्रोटेस्ला आहे. त्यातलं ३८ च्या आसपास जमिनीला समांतर, उत्तरेकडं. आणि १९ च्या आसपास सरळ खाली. म्हणजे खऱ्या सुईला मोकळं सोडलं तर तिचं उत्तरेचं टोक आपल्याकडं पंचवीस-सव्वीस अंश खाली झुकतं. आणखी एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. जगात कित्येक ठिकाणी होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत दहा-वीस अंशांचं अंतर असतं. आपल्या भागात ते एक अंशाच्या आतच आहे.

हे घरबसल्या तपासता येतं. ‘फायफॉक्स’ नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं केलेलं. त्यात चुंबकीय क्षेत्राचा पर्याय निवडायचा. आधी फोनचं चुंबकवालं कव्हर काढा. मग फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठाचा आकडा चार-पाच वेळा गिरवा. मराठी ८ गिरवून चालत नाही, फोन सगळ्या बाजूंनी उलटासुलटा फिरला पाहिजे. त्यानं चिप स्वतःला सावरून घेते. फोनच्या स्पीकरमध्येच चुंबक असतो, त्याचा परिणाम तिला वजा करावा लागतो. मग गाडी, मोटार, तारेचं कुंपण यांपासून लांब, मोकळ्या रानात उभं राहा. आकडा चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं येईल. साध्या फोनला दोन-चारची चूक माफ आहे.

आता हाच फोन दुचाकीच्या इंजिनजवळ न्या, लोखंडी कॉटजवळ न्या, स्लॅबवर टेकवा. आकडा कुठं तिशीत येईल, कुठं सत्तरीला जाईल. हातातलं घड्याळ, कमरेच्या पट्ट्याचं बक्कल, खिशातली किल्ली, सगळं मोजलं जातं. पाणी बघणारा माणूस पायात लोखंडी टाचेचा बूट घालून चालत असेल तर बुटाचंसुद्धा.

मात्र लांबून नाही. लहान लोखंडी वस्तूपासून अंतर दुप्पट झालं की परिणाम साधारण आठवा हिस्सा उरतो. पारोटा विळा वीतभर मातीखाली असेल तर फोनला कळेल, दोन हात खाली असेल तर नाही. म्हणून ‘तीनशे फुटांवर काय आहे ते फोन सांगतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथंच थांबायला हरकत नाही.

मुंबईच्या ट्रामनं वेधशाळा हलवली

लोखंड आणि वीज जवळ आली की चुंबकाचं मोजमाप बिघडतं, याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्याच राज्यात आहे. मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली वेधशाळा होती. तिथं १८४१ पासून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र नियमित मोजलं जात होतं. माणसं रात्रंदिवस पाळीनं बसून काटा बघायची आणि वहीत लिहायची. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला सूर्यावर प्रचंड स्फोट झाला आणि त्याचा धक्का पृथ्वीच्या क्षेत्राला बसला. त्या वेळी कुलाब्याचा आकडा सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आला. जगात आजही त्या वादळाचा अभ्यास करताना कुलाब्याच्या वह्या काढतात.

पुढं मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्रामा आणायचं ठरलं. ट्रामची वीज रुळांतून आणि जमिनीतून परत फिरते, आणि वीज वाहते तिथं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी वेळेत धोका ओळखला. त्यांनी मुंबईच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर अलिबागची जागा निवडली. तिथल्या इमारतीत लोखंड वापरलं नाही. दगड पोरबंदरचा, चुंबकाला न ओढणारा; बिजागऱ्या-खिळेसुद्धा तांब्या-पितळेचे. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडं एकाच वेळी मोजलं, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली, तोवर काम अलिबागला पोचलेलं होतं. अलिबागची चुंबकीय वेधशाळा आजही चालू आहे. ती आता नवी मुंबईजवळ, नवीन पनवेलला मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडं आहे.

एवढी धावपळ कशासाठी, ते आकड्यांवरून कळतं. एक मायक्रोटेस्ला म्हणजे हजार नॅनोटेस्ला. १८५९ चं ते जगप्रसिद्ध वादळ मोबाईलच्या भाषेत दीड-पावणेदोन मायक्रोटेस्ला भरतं. आपल्या फोनचा आकडा टेबलावर नुसता पडून असतानाही अर्धा-एक इकडं-तिकडं नाचतो. मे २०२४ मध्ये मोठं सौर वादळ आलं, लडाखच्या आकाशात लाल प्रकाश दिसला, पण फोनवर कुणाला त्याचा पत्ता लागला नाही. वेधशाळेचं यंत्र एका नॅनोटेस्लाच्याही खालचा फरक टिपतं. स्वस्त चिप साधारण दोनशे नॅनोटेस्लांच्या खाली भरवशाची नसते. शिवाय ऊन तापलं की तिचा आकडाही थोडा सरकतो.

मग पाण्याचं काय

पाणी चुंबकाला ओढत नाही, उलट अगदी किंचित दूर ढकलतं. किती, तर दहा लाखांत नऊ भाग. हिशेब सोपा आहे. आपलं क्षेत्र ४२,००० नॅनोटेस्ला धरा. त्याच्या दहा लाखांत नऊ म्हणजे अर्धा नॅनोटेस्लासुद्धा होत नाही, आणि हे फोन जणू पाण्यातच बुडवला आहे असं धरून. फोनला कमीत कमी दोनशेचा फरक लागतो. म्हणजे पाचशे पट कमी पडतं. मधे तीनशे फूट कातळ असेल तर बोलायलाच नको. झरा वाहता असला तरी हिशेबात फरक पडत नाही.

सोन्याचंही तसंच आहे. सोनं, चांदी, तांबं यांना चुंबक ओढत नाही. फोनवर गुप्तधन दाखवणारं ॲप फार तर मातीतला जुना खिळा दाखवेल. पोलिसांकडं असतं ते मेटल डिटेक्टर वेगळं. त्यात तारेचं वेटोळं असतं, ते स्वतः क्षेत्र सोडतं आणि परत काय येतं ते ऐकतं. फोन काही सोडत नाही, नुसता बघत राहतो.

पण एक गोष्ट इथं सांगायलाच हवी, नाहीतर अर्धवट माहिती होईल. आपला काळा दगड स्वतःच चुंबकी आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर ओतला गेला, त्यातून हा सगळा सह्याद्री घडला. त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज आहे. विश्वास बसत नसेल तर जुन्या स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओढ्याच्या कोरड्या वाळूतून फिरवा, काळी रेव पिशवीला चिकटून येईल. लाव्हा निवताना त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा दगडात गोठून बसली. गंमत म्हणजे आपल्या बऱ्याच थरांमध्ये ती आजच्या उलटी आहे, कारण त्या काळात पृथ्वीचे चुंबकी ध्रुव आजच्या उलट होते. त्यामुळं टेकडीवर उघड्या कातळाला फोन टेकवला की आकडा हलतो. जिथं कधी वीज पडली असेल तिथं तर दिशासुद्धा चुकते. रानात फोन वाजला आणि लोखंड सापडलं नाही, तर तो बहुधा कातळ असतो.

याच गुणाचा भूजलाच्या कामात खरा उपयोग होतो. लाव्हाच्या थरांना चिरून वर आलेल्या खडकाच्या उभ्या भिंती असतात, त्यांना डाईक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडं त्या मैलोन्‌मैल पसरलेल्या दिसतात. घट्ट डाईक जमिनीतलं पाणी बंधाऱ्यासारखं अडवतो, तडे गेलेला असेल तर त्यातून पाणी वाहतंही. डाईकचं चुंबकत्व शेजारच्या खडकाहून वेगळं असतं, म्हणून भूवैज्ञानिक मॅग्नेटोमीटर घेऊन ठराविक अंतरावर मोजत जातात आणि त्याची रेघ शोधतात. ते यंत्र एका नॅनोटेस्लापर्यंत मोजतं. दुसरं यंत्र एका जागी ठेवून दिवसभरातला बदल वजा केला जातो. यंत्र धरणारा माणूस अंगावर लोखंड ठेवत नाही. आणि एवढं करूनही त्यांना सापडतो तो खडक. पाणी असेल का नाही, हा अंदाज त्यावरून बांधायचा असतो.

आपल्याकडं पाण्यासाठी जास्त वापरतात ती रेझिस्टिव्हिटीची तपासणी. जमिनीत चार सळया ठोकायच्या, दोनमधून वीज सोडायची, दोनवर मोजायचं. ओला, भेगाळलेला खडक विजेला कमी अडथळा करतो, कोरडा घट्ट कातळ जास्त. राज्य सरकारच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय असतं, तिथं भूवैज्ञानिक असतात, अर्ज करून विचारता येतं. तेसुद्धा खात्री देत नाहीत, शक्यता सांगतात. शेजारच्या चार विहिरी-बोअरला किती फुटांवर पाणी लागलं आणि उन्हाळ्यात किती टिकलं, ही माहिती मात्र फुकट मिळते आणि तीच लोक विचारत नाहीत.

फोन कशाला उपयोगी पडतो

जेसीबी लावायच्या आधी जुनी लोखंडी पाईपलाईन किंवा मातीखाली गेलेलं व्हॉल्व्हचं झाकण शोधायला हा सेन्सर चांगला आहे. फोन जमिनीलगत धरून हळूहळू सरळ रेघेत चाला, आकडा कुठं चढतो आणि कुठं उतरतो ते खुणा करा. दोन-तीन रेघा मारल्या की पाईपची दिशा कळते. पाईप पीव्हीसीचा असेल तर मात्र काही दिसणार नाही. मोटारीची केबलही बहुतेक वेळा सापडत नाही, कारण तिच्यातल्या तारांची क्षेत्रं एकमेकांना मारतात.

दुधाचा धंदा करणाऱ्यांना एक वेगळा उपयोग आहे. गाईच्या पोटात वैरणीबरोबर तार-खिळा गेला तर तो आतून टोचू नये म्हणून डॉक्टर काही वेळा पोटात चुंबक सोडतात. तो कायमचा तिथंच राहतो. विकत आणलेल्या गाईच्या पोटात आधीच चुंबक आहे का, हे बघायला जगभर पशुवैद्य साधं होकायंत्र वापरतात. डाव्या बाजूला, पुढच्या पायाच्या कोपराच्या मागं, छातीच्या खालच्या अंगाला ते धरायचं. सुई फिरली तर चुंबक आहे. फोनचा आकडाही तिथं चढलेला दिसतो. नुसता खिळा मात्र असा सापडत नाही, त्यासाठी डॉक्टरच बोलवायला हवेत.

चांदणी चौकात नव्या रॅम्पवर उभं राहून मॅप बघताना बाण उलटा फिरतो, ही तक्रार कायम ऐकू येते. थांबलेला फोन दिशा या चिपकडून घेतो आणि गाडीच्या लोखंडात चिप गोंधळते. गाडी पन्नास पावलं पुढं गेली की उपग्रहावरून दिशा जुळते. चालत असाल तर गाडीपासून दोन-तीन पावलं बाजूला व्हा.

वीज मीटरवर चुंबक लावून रीडिंग थांबवायचा उपाय अजूनही कुणीतरी कानात सांगतो. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये असाच चुंबक ओळखणारा सेन्सर असतो. चुंबक किती वाजता लावला आणि किती वाजता काढला, याची नोंद मीटरच ठेवतो. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ मध्ये ही वीजचोरी आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

राहता राहिला मोबाईलवाला पाणाड्या. त्याच्याशी भांडायची गरज नाही. त्याला आधी भरलेल्या विहिरीवर न्या, दगडी बांधणीची आणि मोटारीचा लोखंडी पाईप नसलेली. कठड्यावरून हात लांब करून फोन पाण्यावर धरायला सांगा आणि आकडा लिहून घ्या. मग तसाच फोन विहिरीपासून पन्नास फुटांवर मोकळ्या जमिनीत धरायला सांगा आणि तोही आकडा त्याच कागदावर लिहा.